ऐकणाऱ्याची खोली

रंगाऱ्याचा शर्ट सलग नऊ दिवस कोरा घरी आला, तेव्हा त्याच्या बायकोच्या मनात पाल चुकचुकली. आता तुम्हीच सांगा, शहराच्या कलादालनात भिंती रंगवणारा हा माणूस. एक प्रदर्शन उतरलं की खिळ्यांची भोकं पुट्टी भरून बुजवायची, वरून पांढरा हात मारायचा, की भिंत पुढच्या प्रदर्शनाला मोकळी. तेवीस वर्षं नखांत रंग घेऊन घरी येणारा नवरा आता इस्त्रीचा शर्ट घालून निघतो आणि तस्साच परत येतो? विचारलं तर म्हणतो, "भिंतींचं काम होतं." एवढं बोलून जेवणात मान घालतो.

"दुसरी कुणीतरी आहे," ती शेजारणीला म्हणाली.

"त्यांना? या वयात?" शेजारीण फिस्सकन हसली. बाईला त्याचाही रागच आला.

दहाव्या दिवशी आखूड करायला आलेल्या चार पँटी तिने मशीनवर तशाच टाकल्या आणि कलादालन गाठलं. पहिल्या खोलीत नुसत्या वाकवलेल्या सळया. दुसरीत बाथटब, त्यात फुगे. काय एकेक थेरं! ती मात्र भिंती बघत होती. बोट लावून पाहिलं, सगळ्या खडखडीत वाळलेल्या. रंगाचा वाससुद्धा नाही. म्हणजे खोटंच की!

तिसऱ्या खोलीत काळ्या पडद्यांचं एक खोपटं होतं आणि बाहेर रांग. रांग सांभाळणाऱ्या मुलीने समजावलं, "हीच कलाकृती आहे. आत पडद्यापलीकडे एकजण बसलाय. घरी जे बोलता येत नाही ते त्याला सांगायचं. तो फक्त ऐकतो."

"हात्तिच्या! ऐकायलाही माणूस ठेवलाय?" ती म्हणाली. पण रांगेतून तिन्ही खोल्यांची दारं दिसत होती. नवरा कुणाबरोबर दिसतोय का ते बघत ती उभी राहिली, आणि बघता बघता तिचाच नंबर आला.

ती आत स्टुलावर बसली. पलीकडून आवाज आला, "बोला, ताई."

एवढ्यावरच तिने ओळखलं. तिचाच नवरा! बाईबिई कुणी नव्हतीच. तिला हसू फुटणार होतं, पण म्हटलं, जरा जिरवू या याची.

"माझा नवरा माझ्याशी खोटं बोलतो," ती म्हणाली. आवाज बदलला नाही, कशाला बदलायचा? आता हा ताडकन उठेल, पडदा सारेल आणि "अगं, तू इथे?" म्हणेल.

"हं," तो म्हणाला. "मग?"

घरी हा माणूस कधी "मग?" म्हणाला नव्हता. तिला राहवेना. इस्त्रीचा शर्ट, जेवताना खाली घातलेली मान, दिवसभर मशीनवर वाकून संध्याकाळी कुणी दोन शब्द विचारेल म्हणून बघितलेली वाट, सगळं ती बोलत गेली. त्याने एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी नियम मोडून हळूच म्हणाला, "वाईट वाटलं, ताई. त्यालाच विचारा. माणूस चांगला असेल तर सांगेल."

बाहेरच्या मुलीने वेळ संपल्याची घंटा वाजवली.

संध्याकाळी तो घरी आला तो बूट न काढताच म्हणाला, "अगं, बस जरा. एक सांगायचंय." आणि त्याने सगळं सांगून टाकलं. प्रदर्शन महिनाभराचं, तोवर भिंतींना काम नव्हतं. ते पडद्यांचं खोपटं मांडणाऱ्या कलाकार बाईने विचारलं, नुसतं ऐकायला बसता का? गडी माणसाने खुर्चीत बसून मजुरी घ्यायची, त्याला लाज वाटली, म्हणून लपवलं.

"पण आज एक ताई आली होती," त्याचे डोळे भरून आले. "नवरा खोटं बोलतो म्हणाली. जीव तुटला गं माझा. म्हटलं, आपण तरी असं नको करायला."

हा थट्टा करतोय का, म्हणून तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"आवाज ओळखीचा वाटला का हो?" तिने विचारलं.

त्याने खरंच आठवून पाहिलं.

"छे गं," तो म्हणाला. "आपल्यातली कुणी नव्हती."