सव्वादहाची टोपली

बाबांच्या खोलीत एक शिलाई मशीन होतं, एक खाट, एक स्टूल, पाण्याच्या तीन बाटल्या, एक तापमापक, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र एक आणि मास्कसाठी कापून ठेवलेले साठ तुकडे. दाराबाहेर एक खुर्ची, खुर्चीवर टोपली. दाराच्या अलीकडे आई आणि मी.

बाबांची कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह येऊन सहा दिवस झाले होते. ताप उतरला होता. ऑक्सिजन शहाण्णवच्या खाली एकदाही गेला नव्हता. सगळे आकडे माझ्या वहीत आहेत. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यापासून मी घरात मिळेल ते मोजत होते, म्हणून बाबा मला प्रोफेसर म्हणायचे.

नुसतं पडून राहणं त्यांना जमत नाही. दुकान बंद होतं, मशीन घरी आणलेलं होतं, म्हणून ते मास्क शिवायचे आणि दहा झाले की टोपली बाहेर ठेवून दार वाजवायचे. आम्ही ते उकळत्या पाण्यातून काढायचो. दुकानातली शिस्त घरीही तीच. शिवायचं बाबांनी, तपासायचं आईने. जी टीप आईला पसंत नाही, त्या कपड्याला ती लाल दोरा बांधून परत पाठवते. सव्वीस वर्षं चाललंय हे, आणि सव्वीस वर्षांत बाबांनी एकही लाल दोरा निमूटपणे घेतलेला नाही.

त्या सकाळी आठ वाजता आतून आवाज आला, "प्रोफेसर, सत्त्याण्णव."

मी लिहून घेतलं. आई दाराशी गेली. "अहो, कालचे दोन परत करतेय. टीप बघा, घाटातला रस्ता झालाय."

"आधी चष्मा पूस तुझा."

"पुसला. म्हणून तर दिसली."

"सव्वीस वर्षं सरळ शिवलं, तेव्हा कधी वा म्हणालीस? आता मुद्दाम वाकडी घालतो, बघच. आणि माझ्याशी बोलू नकोस."

"बरं होईल. तेवढीच घराला शांतता."

आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. हे भांडण नव्हतं. अबोला हा त्यांचा जुना खेळ आहे. जो आधी बोलेल तो हरला, आणि हरलेल्याने चहा करायचा.

मशीन नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. सव्वादहाला दार वाजलं. टोपलीत दहा मास्क, सगळे सरळ. पासष्ट मिनिटांत दहा, म्हणजे एकाला साडेसहा मिनिटं. वेळ मी वहीत लिहिली, कारण तापात आणि ताप गेल्यावर त्यांचा वेग किती बदलतो ते मला बघायचं होतं. आईने मास्क उलटसुलट केले आणि दाराकडे तोंड करून मला म्हणाली, "टोचलं की कसं सरळ येतं, बघ."

पुढची टोपली अकरा चाळीसला दिसली. दार वाजलं नव्हतं आणि टोपली खुर्चीवर नव्हती, खाली होती.

"आपटली रागाने," आई म्हणाली. आत आठच मास्क होते. चार सरळ, चार वाकडे. ती हसत सुटली. "म्हणाले होते ना मुद्दाम घालतो? घातली. या वयात हा हट्ट." तिने चार लाल दोरे कापले.

मीही हसले. मुद्दाम वाकडी टीप कशी घालतात ते बघावं म्हणून ते चारही ओळीने लावले. बाबा शिवून झालेल्या प्रत्येक मास्कला आतून खडूने त्या दिवसाचा क्रमांक घालतात. पंधराव्याची टीप दोन मिलिमीटर सरकलेली, सोळाव्याची चार, सतराव्याची नऊ. अठराव्यावर आठाचा आकडा अर्धाच होता आणि खाली खडू घसरत गेला होता.

आईला चिडवायला माणूस टीप वाकडी घालेल. खडूचा आकडा कशाला वाकडा काढेल? तो तर धुण्यात जाणार.

मी दार ठोठावलं. "बाबा, काहीतरी बोला."

आईने हातातले दोरे खाली टाकले. "अहो, मी हरले. आता बोला."

आतून आवाज आला, पण तो शब्द नव्हता.

दार उघडलं तर ते स्टुलावर बसले होते. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती, उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडला होता. डाव्या हातात एकोणिसावा तुकडा होता. रुग्णवाहिकेची वाट बघताना आईने तो उजवा हात धरून ठेवला. तिला हातमोज्यांची आठवण मी करून दिली, तिने ऐकलं नाही.

रुग्णालयात पोहोचलो, स्कॅन झाला, तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मेंदूत गुठळी आहे, रक्तस्राव नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण पक्षाघाताचा झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. शेवटचं ठणठणीत कधी होते?"

"आठ पाचला बोलले," आई म्हणाली. "मग आम्ही... आम्ही बोलत नव्हतो." "मग मुदत बारा पस्तीसला संपली," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाल्या. आई पुढे सरकली. "हो, पण डॉक्टर, तो त्यांचा शिवायचा हात आहे."

मी वही आणि आठ मास्क पुढे ठेवले. "आठ पाच नाही. चौदावा मास्क सरळ आहे. साडेसहा मिनिटांच्या हिशेबाने तो दहा एक्केचाळीसला संपला."

"मास्कवरून वेळ?" त्यांनी अकरा ते चौदा उजेडात धरले, मग पंधरावा. "तुमचं दहा एक्केचाळीस मी धरणार नाही, मधे ते थांबलेही असतील. सव्वादहाची टोपली त्यांनीच बाहेर ठेवली?"

"त्यांनीच. आत दुसरं कुणी नव्हतं."

"आणि हे चार सरळ त्यानंतरचे. मग सव्वादहा धरते."

इंजेक्शन एक बत्तीसला दिलं.

नंतर मी त्यांना विचारलं की ऑक्सिजन सत्त्याण्णव असताना हे कसं झालं. "या आजारात रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो," त्या म्हणाल्या. "ते यंत्र ऑक्सिजन सांगतं. गुठळी त्याला दिसत नाही." मी वहीतला तो रकाना पुन्हा पाहिला. बारा आकडे होते, बाराही चांगले.

आम्हाला वॉर्डात जाऊ देत नव्हते. तिसऱ्या दिवशी नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला. आई फोनच्या इतकी जवळ गेली की बाबांना फक्त तिचं कपाळ दिसलं असणार.

"अहो, मी आधी बोलले. लक्षात आहे ना?"

बाबांनी ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. "च... हा."

"करते," आई म्हणाली. "घरी तर या."

आठव्या दिवशी बाबांच्या उजव्या हाताची पकड पहिल्यांदा मोजली. चार किलो भरली. घरी आल्यावर आई रोज सकाळी त्यांच्या मुठीत ओल्या टॉवेलचं टोक द्यायची आणि दुसरं टोक स्वतः पिळायची.

"जोर लावा. लग्नात एवढासुद्धा घट्ट हात धरला नव्हतात."

"तेव्हा... तू पळून... जात नव्हतीस."

"आता तरी कुठे जातेय?"

सहाव्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने दोन्ही हातांची पकड तीन-तीनदा मोजली आणि आकडे मला लिहून घ्यायला सांगितले. डावा हात, सरासरी अठ्ठावीस किलो. उजवा, एकोणीस; आठव्या दिवशी चार होता.