आतला मोती

पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली असतील. दौलताबादच्या बाजारात तेव्हा एक सुईवाला यायचा. मोतीबिंदू पिकला की डोळ्यात सुई घालून आतला पांढरा मोती तो तळाशी ढकलून द्यायचा. पुंजारामचे दोन्ही डोळे त्यानं असेच मोकळे केले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं पुंजाराम गावभर सांगत सुटला. त्याआधी वर्षभर त्याची बायको आवडाबाई त्याचा हात धरून त्याला फिरवत होती. तिला तर आभाळ ठेंगणं झालं.

पण हे सुख फार टिकलं नाही. मरीमायच्या पाया पडायला पुंजाराम वाकला, की त्याच्या डोळ्यांपुढं अंधार यायचा. मान वर केली, की पुन्हा लख्ख. तसं ताटावर वाकलं तरी व्हायचं, पण त्याच्या मनानं देवीचंच घेतलं. डोळ्यात सुई घालण्याआधी आपण तिला कौल लावला नाही, म्हणून ती रुसली.

"म्या वाकलो की ती दिवा मालवती," तो म्हणाला.

आवडाबाईला ते पटेना. मग एकदा तो बैलाच्या खुरातला खडा काढायला वाकला होता आणि ती खाली बसून खूर धरत होती. तिनं सहज वर पाहिलं. नवऱ्याच्या डोळ्यातल्या काळ्या बाहुलीत आतून काहीतरी पांढरं हळूहळू पुढं आलं आणि मधोमध थांबलं. दाराशी येऊन कुणी बाहेर बघावं तसं. तिनं खूर सोडून दिला. हे देवीशिवाय दुसऱ्या कुणाचं काम नव्हे, अशी तिची खात्रीच पटली.

शेजारचा टांगेवाला हबीब तिला समजावत होता. "भाबी, शहरच्या दवाखान्यात दाखवा. हे सुईचं काम हाय, देवीचं नाय." आवडाबाई हो म्हणाली, पण आधी देवीचं. लोटांगणाचा नवस तिनंच बोलला.

मंगळवारी पुंजाराम देवळाभोवती लोळत निघाला. उताणा, पालथा, पुन्हा उताणा. फेरी पुरी होता होता तो पालथा पडला आणि उठेचना. उजवा डोळा दाबून गुरासारखा ओरडत होता, ओकत होता. तिनं त्याचा हात बाजूला केला. डोळा लालभडक झाला होता आणि पांढरा मोती बाहुलीच्याही पुढं येऊन बसला होता. त्याला उताणं केलं तरी तो मागं जाईना.

हबीबनं टांगा जुंपला. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, सुईनं मोती निघत नाही, आत सुटा होऊन फिरतो. पालथं पडलं की तो पुढं येऊन वाट बंद करतो, डोळ्यात पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि नजर जाते. हा डोळा गेला. दुसऱ्यातला मोती अजून सुटाच आहे, तेव्हा वाकायचं नाही, पालथं झोपायचं नाही.

"याला पालथं घातलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"म्या," आवडाबाई म्हणाली.

गावात परतल्यावर देवळापाशी पुंजाराम सवयीनं वाकू लागला. तिनं चटकन त्याच्या हनुवटीला हात लावून मान वर धरली.

"तुमी ताठ उभं ऱ्हावा. तुमच्या वाटचं म्या वाकते."

ती वाकली, तिनं डोळे मिटले. आतल्या अंधारातून ते पांढरं हळूहळू पुढं आलं आणि तिच्याकडं बघत थांबलं.