दहा सेंटिमीटर हरवलेला टेप

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, अंतर मोजणारा. तीस मीटर लांब, पोलादी पट्टीचा, पिवळ्या डब्यात गुंडाळलेला.

सौंदडच्या दिव्या टेंभरे यांनी मला विकत घेतलं, तेव्हा त्या विद्यापीठात लँडस्केप आर्किटेक्चर शिकवायला नुकत्याच लागल्या होत्या. झाडं, पाणी, वाटा आणि माणसं यांची जमिनीवर नीट सांगड कशी घालावी, हे त्या मुलांना शिकवत. नोकरी मात्र कंत्राटी. कायम व्हायचं तर संशोधन हवं. त्यांनी आपल्याच गावाजवळचा तलाव निवडला. गाळ कुठून काढावा आणि सारस पक्ष्यांसाठी उथळ काठ कुठे राखावा, हा त्यांचा विषय.

दोन वर्षं मी त्या पाण्यात उतरत होतो. माझ्या टोकाला वजन बांधून मॅडम मला डोंग्यातून तळापर्यंत सोडत आणि आकडा वहीत लिहीत. डोंगा टिकाराम मामा चालवत. त्यांचा जन्म तिथंच मासे धरण्यात गेला होता. "याचा आकडा कधी चुकत नाही," असं मॅडम म्हणाल्या की मी सुखावून जाई.

दुसऱ्या वर्षी काठावर ट्रॅक्टरचं चाक माझ्यावरून गेलं. टोकापासून वीतभरावर मी तुटलो. मला सांभाळायचं काम आचल या विद्यार्थिनीकडे होतं. ती घाबरली. कुडवा गावातल्या एका दुकानात चेंगरलेला दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून तिनं मला रिव्हेट मारून जोडून घेतलं आणि कुणालाच सांगितलं नाही. जोडावर वजनाची दोरी गुंडाळलेली असे, त्यामुळे तो दिसलाही नाही. तेव्हापासून मी प्रत्येक खोली दहा सेंटिमीटर जास्त सांगत होतो. मला फार लाज वाटे.

अहवाल तयार झाला. कायम नोकरीची मुलाखत आठ दिवसांवर आली. मॅडमनी काठावर बसून टिकाराम मामांना अहवाल वाचून दाखवला.

"पोरी," मामा म्हणाले, "सारस उभे रायतात तिथं तू गुडघ्याच्या वर पानी लिवलं. एवढं पानी तिथं नाही रायत. तुया टेप जास्त सांगून रायला."

मॅडमनी माझ्यावर गुंडाळलेली दोरी सोडली. रिव्हेट दिसला. त्यांनी आचलला बोलावलं. तिनं रडत सगळं सांगितलं, पण हे कोणत्या दिवशी झालं, ते तिला आठवेना. म्हणजे वहीतले कुठले आकडे खरे, हे कुणालाच ठरवता येईना.

"तुटला त्याचं काही नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण सांगितलं काऊन नाही?"

त्यांनी अहवाल मागे घेतला. मुलाखतीत कारणही सांगितलं. त्या वर्षी जागा दुसऱ्याला मिळाली.

मग नवा टेप आला. आचल दर रविवारी येऊन डोंग्यात बसू लागली. मामा आपल्या बांबूनं प्रत्येक आकडा पडताळून पाहत. वर्षभरात तलाव पुन्हा मोजून झाला. गावानं नव्या अहवालाप्रमाणे गाळ काढला आणि उथळ काठाला हात लावला नाही. पुढच्या मुलाखतीत मॅडमना पहिला प्रश्न मागे घेतलेल्या अहवालाबद्दलच विचारला गेला. या वेळी त्या कायम झाल्या. आचलही आता त्यांच्याकडेच संशोधन करते. यंदा त्या काठावर सारसाच्या जोडीमागून एक पिल्लू चालताना तिनं पाहिलं.

मी आता वर्गातल्या खिळ्यावर असतो. दरवर्षी वर्गाच्या पहिल्या दिवशी मॅडम मला नव्या टेपशेजारी अंथरतात आणि मुलं माझा जोड बोटांनी चाचपतात. मित्रांनो, साधनं जपून वापरा. तरीही तुमच्या हातून काही मोडलं, तर त्याच दिवशी सांगा. मला वाचा नाही. तुम्हाला आहे.