दीडशेचा माणूस

अमरावतीहून सुटलेली एस.टी. मूर्तिजापूरला पोचायच्या आतच चिंतामणनं गयासुद्दीनची शिकवणी सुरू केली होती.

"पगार इचारतीन. इचारतीनच. तवा दोनशे चाळीस सांगजो."

"मले दीडशे भेटते."

"ते त्यायले काय मालूम? मीबी तेच सांगून राहिलो. लेका, मुलाखत म्हणजे बैलबाजार. बैलाचं वय कोणता मालक खरं सांगते?"

गयासुद्दीन हसला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. दोघं अमरावतीच्या पॉलिटेक्निकात एका बाकावर बसून शिकलेले. ही गोष्ट त्रेसष्ट सालची. गयास मूळचा अचलपूरचा, आता अमरावतीच्या एका जिनिंगमध्ये यंत्रांवर होता. चिंतामण बडनेऱ्याच्या जिनिंगमध्ये. कापूस येईल तोवर यंत्रं धडधडायची, होळी झाली की सगळं थंड, आणि पगारही अर्धा. गयासची बायको जहाँआरा उर्दू शाळेत शिकवायची म्हणून उन्हाळा निभून जायचा. अशात अकोल्याच्या सरकीच्या तेलाच्या गिरणीला बॉयलर आणि यंत्रं सांभाळायला इंजिनिअर हवा असल्याची जाहिरात आली. काम बारमाही. दोघांनीही अर्ज केला, दोघांनाही एकाच दिवशी बोलावणं आलं.

गयास काही फार पापभीरू होता असं नाही. पण यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला कोणी आकडा विचारला तर काटा जिथं आहे तिथलाच आकडा सांगावा, एवढी त्याची साधी समजूत होती. त्यात काही वावगं असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

गिरणीचे मॅनेजर होते मोरोपंत. वकिली सोडून या धंद्यात आलेले. अंगात परीटघडीचा कोट, आवाज असा की देवघरात बसून बोलताहेत. त्यांनी गयासला खुर्ची दिली, चहा मागवला, जहाँआराची चौकशीसुद्धा केली.

"मनमोकळं बोला," ते म्हणाले. "आमची गिरणी म्हणजे एक घर आहे. इथं लपवाछपवी कोणी करत नाही."

मग स्वतः त्याला बॉयलरकडे घेऊन गेले. भट्टीपाशी बुधाजी नावाचा फायरमन फावड्यानं कोळसा टाकत होता. गयासनं पाणी कुठलं ते विचारलं, बुधाजीनं आवारातल्या विहिरीकडे बोट दाखवलं. म्हणजे खारं पाणी. असल्या पाण्यानं नळ्यांत आतून क्षाराचा थर चढतो आणि नळ्या जळतात, हे या भागात शेंबडं पोरही सांगेल. गयासनं वर पाहिलं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांडीला त्याचं स्वतःचं वजन होतंच. त्याच्या जोडीला लोखंडाचा आणखी एक ठोकळा तारेनं करकचून बांधला होता. वाफ जास्त झाली की जो व्हॉल्व्ह आपोआप उघडून जीव वाचवायचा, त्याचंच तोंड आवळून टाकलेलं.

"हे कोणं बांधलं?" त्यानं विचारलं.

बुधाजीनं फावडं पुन्हा कोळशात घातलं. मोरोपंत कौतुकानं हसले.

"नजर चांगली आहे तुमची. नवीन माणूस येईल, तो पाहील काय ते. चला."

कचेरीत परतल्यावर त्यांनी पगार विचारला.

"दीडशे," गयास म्हणाला.

"शाब्बास!" मोरोपंतांनी टेबलावर हात आपटला. "आजकाल असं खरं कोण बोलतं? मला तुम्ही आवडलात. एकशे साठ देऊ."

गयासला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"साहेब, तिथं कापसाच्या मोसमापुरतं काम हाय. इथं बारमाही, तिन्ही पाळ्या अन् बॉयलरची जबाबदारी. मले काय भेटते ते तुमी इचारलं, मी सांगितलं. या कामाचे अडीचशे झाले पाह्यजे."

मोरोपंतांच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. खरंखुरं वाटावं असं.

"मी तुम्हाला प्रामाणिक समजत होतो हो. प्रामाणिक माणूस असा पैशाच्या मागं लागत नाही. दीडशे मिळतात, आम्ही वर दहा देतो. याला वाढ म्हणतात. तुमचंच तोंड, तुमचाच आकडा. मी पदरचं काय बोललो?"

चहात साखर फार होती, तिची चव गयासच्या जिभेवर चिकटून राहिली होती. या माणसानं त्याच्याकडून खरं काढून घेतलं होतं आणि त्याच खऱ्याचा फास करून त्याच्या गळ्यात घातला होता, वर शाबासकी.

"जरा बाहेर बसा," मोरोपंत म्हणाले.

मग चिंतामण आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चालीतच ऐट होती.

"दोनशे साठ!" तो गयासच्या कानात म्हणाला. "दोनशे चाळीस सांगितले, वर वीस चढवले म्हाताऱ्यानं. तुले सांगत होतो ना?"

गयास काही बोलायच्या आत शिपायानं त्यालाच पुन्हा आत बोलावलं. या वेळी मोरोपंतांनी दार लावून घेतलं आणि पेढ्यांची बशी पुढं सरकवली.

"तुमचा मित्र सराईत खोटं बोलतो," ते म्हणाले. "बडनेऱ्यात आमची माणसं आहेत. त्याला एकशे पस्तीस मिळतात, हे तो यायच्या आधीच मला ठाऊक होतं."

"मंग त्याले काहून ठेवता?"

"अहो, म्हणूनच तर! बॉयलर इन्स्पेक्टरपुढं उभं राहायला असाच माणूस लागतो. डोळ्याला डोळा भिडवून बोलला, पापणी हलली नाही. असा माणूस शोधून सापडत नाही." मोरोपंत खुर्चीत पुढं झुकले. "पण यंत्राला तुमच्यासारखाच हवा. तुम्ही त्याच्या हाताखाली राहा. काम तुमचं, सही त्याची. एकशे सत्तर देतो. आणि तुम्हाला खोटं बोलायची वेळ आम्ही कधीच येऊ देणार नाही. तुमच्या स्वभावाची कदर आहे आम्हाला."

गयासनं बशीकडे पाहिलं. पेढ्यांवर एक माशी चालत होती.

"अन् बॉयलर फुटला तर?"

"सही त्याची असेल. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"जो भट्टीपाशी उभा राह्यते, त्याच्या केसाले?"

मोरोपंतांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "पेढा घ्या ना."

गयास उठला. नमस्कारही न करता बाहेर आला. चिंतामण आवारातल्या लिंबाखाली उभा होता. गयासनं त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याचं खोटं पकडलं गेलंय. तो खोटा आहे म्हणूनच त्याला घेताहेत. तो सही करेल ती कशावर करेल.

चिंतामणचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यात पुन्हा रंग आला.

"म्हणजे त्यायले समदं मालूम हाय, अन् तरीबी दोनशे साठ देऊन राहिले?"

"हो."

"मंग मी नाही काहून म्हणू?"

बाकावर शेजारी बसलेला, डबा वाटून खाल्लेला मित्र. गयासला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला आली ती किळस. नासक्या दुधाचा घोट चुकून तोंडात जावा तशी. तो वळला आणि तडक बॉयलरकडे गेला. शिडी लावलेलीच होती. हातरुमाल हाताला गुंडाळून तो वर चढला, तार पिरगाळून सोडवली आणि ठोकळा खाली टाकला.

दांडी उचलली गेली. वाफेचा लोट कानठळ्या बसवत सुटला, सगळं आवार पांढरं झालं. माणसं घाण्या सोडून बाहेर धावली. गेजचा काटा उतरू लागला, पट्टे मंदावले, गिरणी बसली. कचेरीच्या दारात मोरोपंत आले. देवघरातला तो आवाज कुठल्या कुठं गेला होता. ते गयासच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते आणि वाफेच्या आवाजात निम्मं ऐकू येत नव्हतं.

बुधाजी मात्र जागचा हलला नव्हता. गयास खाली उतरला तेव्हा तो ठोकळा उचलून कोपऱ्यात ठेवत होता.

"कायले तकलीफ घेतली, भाऊ?" तो म्हणाला. "तुमी गेले की हे मलेच पुन्हा बांधा लागन."

घरी आल्यावर गयासनं जेवायला नको म्हटलं. जहाँआरानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या बापाचं इतवारा बाजारात कापडाचं दुकान होतं. भावताव ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

"खोटं नाही बोलले, चांगलं केलं," ती म्हणाली. "पण इचारलं ते समदंच सांगा लागते काय? तुमच्या कामाचे दाम काय, ते सांगाचं. आज काय भेटते, ते त्यायच्या काय कामाचं?"

गयासला ते पटलं. पण त्याच्या तोंडची चव काही गेली नाही. त्यानं बॉयलर खात्याला अर्ज लिहिला, खाली स्वतःचं नाव घातलं. पुढं कळलं की इन्स्पेक्टर येऊन गेला. त्या दिवशी ठोकळा नव्हता, पाणी गोडं आणलेलं होतं, आणि नवे इंजिनिअर चिंतामणराव यांनी सगळ्या प्रश्नांची सफाईनं उत्तरं दिली.

वर्षभरात गयासला अमरावतीतच बर्फाच्या कारखान्यात काम लागलं. तिथले मालक वामनराव यांनीही पहिल्यांदा तोच प्रश्न टाकला.

"ते नाही सांगत," गयास म्हणाला.

"काहून? लपवण्यासारखं आहे काय?"

"खोटं मले सांगाचं नाही. खरं सांगितलं तर तुमी त्याच्यावर दहा चढवान. या कामाचे मी दोनशे तीस मागतो. म्हयनाभर काम पाहा, नाही पटलं तर जाईन."

वामनराव चिडले, उद्धट म्हणाले, जा म्हणाले. आठवड्यानं त्यांचाच माणूस बोलवायला आला. दोनशे दहावर ठरलं. निघताना वामनराव म्हणाले, "माणूस प्रामाणिक दिसता," आणि गयासच्या अंगावर असा काटा आला की तो चटकन म्हणाला, "ते राहू द्या साहेब. कॉम्प्रेसर दाखवा."

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी चिंतामण दारात उभा राहिला. अंगावर टेरिलिनचा शर्ट, पण दाढी वाढलेली. जहाँआरानं पाणी दिलं. तो खाटेच्या कडेवर टेकला.

"नळी फुटली," तो म्हणाला. "बुधाजी त्यात सापडला. एक हात अन् तोंड भाजलं. दवाखान्यात हाय."

"ठोकळा होता?"

"होता." मग तो घाईनं बोलू लागला. "चौकशी बसली. मोरोपंत म्हणाले, बुधाजी दारू पिऊन होता असं सांग. मी सांगितलं. काय करू? सही माई हाय समद्यावर. घर बांधून राहिलो मी. आता म्हातारा म्हणते, तू बदनाम झाला, पगार एकशे ऐंशी करतो. तुयाकडे बर्फाच्या कारखान्यात काही जागा हाय काय?"

"बुधाजी पीत होता?"

"नाही रे. माळकरी माणूस तो."

गयास उठून मोरीशी गेला आणि ओकला. मागून जहाँआरा काही म्हणाली, त्याला कळलं नाही. चूळ भरून तो परत आला तेव्हा चिंतामण अजून तसाच बसला होता, उत्तराची वाट पाहत.

"ऊठ," गयास म्हणाला. "ऊठ अन् माया घरातून जाय."

दुसऱ्या दिवशी रजा काढून तो अकोल्याला गेला. चौकशीला आलेल्या साहेबांपुढं उभा राहून त्यानं ठोकळा कसा बांधला होता, मोरोपंत काय बोलले, चिंतामण काल घरी येऊन काय सांगून गेला, सगळं सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. मग पेन थांबवलं.

"तुम्ही तिथं नोकरीला गेला होता?"

"मुलाखतीले गेलो होतो."

"मिळाली नाही?"

"मी घेतली नाही."

"कशावरून बिनसलं? पगारावरून?"

मोरोपंतांनी सांगून ठेवलं होतं, हे गयासला त्या आवाजावरूनच कळलं. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर जबाबाला वजन आलं असतं.

"पगारावरूनबी बिनसलं," तो म्हणाला. "मले कमी देऊन राहिले होते."

साहेबांनी मान डोलावली, तेवढं वाक्य मात्र शब्दन्‌शब्द लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी पुढं केला. गयासनं वाचला. आपल्या खऱ्याचा पुन्हा एकदा फास केला गेलाय हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तरी त्यानं सही केली, कारण लिहिलेलं सगळं खरंच होतं.

मग तो दवाखान्यात गेला. बुधाजीच्या तोंडाला पट्ट्या होत्या, एक डोळा तेवढा उघडा. त्याची बायको पार्बताबाई उशाशी बसून, भाजल्याची आग निवावी म्हणून हातपंख्यानं वारा घालत होती. तिनं गयासला विचारलं, तुमी गिरणीचे काय? गयास नाही म्हणाला. तिनं सरकून त्याला बसायला जागा दिली, आणि हात भरून आला होता म्हणून पंखाही त्याच्याकडे दिला.