डोलणारा दगड आणि ताईच्या गोळ्या

"हे अवघं ब्रह्मांड माझ्या या एका बोटावर तोललेलं आहे!" बोटवाल्या बाबांनी गर्दीला ठणकावून सांगितलं आणि मग त्याच बोटाने कान कोरला. ब्रह्मांड पडलं नाही.

राष्ट्रीय उद्यानातल्या त्या टेकडीवर हत्तीएवढा एक दगड खालच्या सपाट खडकावर अलगद टेकून उभा होता. वाऱ्यापावसाने मधला मऊ थर झिजवून त्याला असा अधांतरी ठेवला, असं वनखात्याच्या फलकावर लिहिलं होतं. त्या फलकावर सध्या शिष्यांचे शर्ट वाळत होते.

निवृत्त विज्ञानशिक्षक, म्हणजे घरीदारी सगळ्यांचे मास्तर, थोरल्या बहिणीच्या मागे धापा टाकत वर आले. ताईने रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यापूर्वीच सोडल्या होत्या. "एक दिवस अर्धं अंग लुळं पडेल," असं डॉक्टरांनी बजावलं, तर म्हणाली, "ज्याच्या बोटाने दगड हलतो, त्याला माझा रक्तदाब काय जड आहे!"

बाबांनी चार तगडे गडी पुढे बोलावले. त्यांनी दातओठ खाऊन चहूकडून खांदे लावले. दगड ढिम्म. मग बाबांनी बोट टेकवलं. "हुं फट्... हुं फट्..." बराच वेळ काही नाही, आणि मग दगड खरोखरच डोलू लागला. लोक दंडवत घालत आडवे पडले.

"बघ!" ताई म्हणाली.

"बघतोय. दर 'फट्'ला ढकलतायत."

"मेल्या, पाळण्यात होतास तेव्हापासून शंकेखोर!"

बाबा पाणी प्यायला गेले. दगड स्थिरावला, तसे मास्तर पुढे झाले, बोट टेकवलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार..." गर्दी फिदीफिदी हसली. मास्तर बाराच्या पाढ्यापर्यंत पोचले आणि दगड डोलू लागला. हसू थांबलं.

"झोपाळ्याला झोका कसा देता?" मास्तर ओरडले. "परत जायला लागला की हलकासा धक्का! या दगडालाही आपली लय आहे. ती सांभाळली की बोटाच्या जोरावर झोका वाढत जातो. बेताल रेटलं की चार जणांचा जोर फुकट. त्याला मंत्र चालतो, पाढाही चालतो! डोकं वापरा रे. औषधं सोडू नका!"

तेवढ्यात बाबा तोंड पुसत परत आले. "पाहिलंत? मी नुसता पाणी प्यायला गेलो, तर शक्ती याच्या बोटात उतरली!"

एक म्हातारा मास्तरांच्या पायाशी कोसळला. "मास्तर, माझ्या गुडघ्याचं बघा." मागून कुणीतरी पुटपुटलं, "बे एके बे..." आणि बघता बघता सारी टेकडी हात जोडून पाढा म्हणू लागली.

मास्तरांनी कसेबसे पाय सोडवून घेतले आणि ताईला झाडाखाली नेऊन बसवलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, कपाळाची शीर उडत होती. पण जन्मात पहिल्यांदाच ती धाकट्या भावाकडे आदराने बघत होती.

"आता तरी पटलं?" त्यांनी खिशातून गोळी काढली.

"पटलं रे बाबा. घेते."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं.

"फक्त एवढं कर," ताई म्हणाली, "आधी ती तुझ्या बोटाने त्या दगडाला टेकवून आण."