परतीची जागा

"जाताना बरोबर जातं हो," तपासनीस बाई म्हणाल्या. "माझं गाऱ्हाणं येतानाचं आहे."

त्यांनी पुन्हा एकदा करून दाखवलं. पडद्यावर पाणीपुरवठ्याच्या सगळ्या पंपांचा मोठा अहवाल होता. त्यात प्रत्येक पंपाखाली त्याच्या दुरुस्त्यांचा छोटा अहवाल बसवलेला, आणि छोट्या अहवालातल्या प्रत्येक दुरुस्तीला निळी लिंक. बाईंनी टेकडीवरच्या पंपाची एक लिंक दाबली. कोणी दुरुस्त केला, कोणता भाग बदलला, सगळा तपशील उघडला. मग त्यांनी मागे जायचं बटण दाबलं, आणि अहवाल थेट पहिल्या पानावर जाऊन बसला.

"आता शोधा टेकडी. दिवसभर माझा हाच धंदा."

तो शेजारी उभा राहून बघत होता. ऑफिसचे अहवाल तोच बनवायचा, म्हणून सगळे त्याला 'रिपोर्टवाले' म्हणत; त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. ही तक्रार त्याच्याकडे पूर्वीही आली होती आणि 'माझ्याकडे चालतंय' असं उत्तर देऊन त्याने ती वाटेला लावली होती. ते खोटं नव्हतं. छोटा अहवाल तो वेगळा उघडून तपासायचा, आणि वेगळा उघडला की अहवाल अगदी शहाण्यासारखा वागायचा. मोठ्या अहवालात बसवला की त्याचं बिनसायचं. शिवाय लिंक उघडली की तो खूश व्हायचा. परत येऊन बघण्याची तसदी त्याने कधी घेतली नव्हती.

पडद्याच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'टेकडी, खालून दुसरी'.

"हे काय?"

"खूण. दाबायच्या आधी लिहून ठेवते. मध्येच फोन आला की मी कुठे होते तेच सुधरत नाही." बाईंनी आवाज खाली आणला. "साहेब म्हणतात, आजच्या आज जमत नसेल तर छोटे अहवाल काढूनच टाका. तेवढं करू नका. पंपाचं सगळं पंपाखाली दिसतं, ते मला बरं पडतं. मला फक्त होते तिथे आणून सोडा."

तो जागेवर आला. चूक त्याचीच होती. लिंकला कुठे जायचं ते त्याने शिकवलं होतं, आपण कोणाच्या घरातून निघालो हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. प्रत्येक लिंक नव्या खिडकीत उघडणं सोपं होतं, पण तो आळशीपणा त्याने पूर्वी एकदा केला होता आणि बाईंच्या पडद्यावर खिडक्यांची नुसती जत्रा भरली होती. या खेपेला त्याने मोठ्या अहवालातला पंपाचा क्रमांक खाली छोट्या अहवालात उतरवला, तिथून लिंकच्या पदरात बांधला, सोबत दुरुस्तीची ओळ कितवी तेही दिलं. आणि पहिल्यांदाच परत येणंही तपासलं.

संध्याकाळी बाईंनी टेकडीची लिंक दाबली आणि परत आल्या. टेकडी, खालून दुसरी. मग त्यांनी मुद्दाम शेवटच्या पानावरचा पंप धरला. तिथूनही बरोबर परत आल्या.

"जमलं की हो," त्या म्हणाल्या. चिठ्ठी सोडवून त्यांनी कीबोर्डखाली सरकवली. "राहू दे इथेच. तुमचा काय भरवसा."

तो घरी आला तेव्हा बाबा जेवायच्या टेबलाशी हात बांधून बसले होते. बाबा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, आणि जन्माचे बोलघेवडे. निदान आई होती तोवर. त्यांची एकही गोष्ट कधी सरळ गेली नाही. एकीतून दुसरी फुटायची, दुसरीतून तिसरी, आणि मग ते मध्येच थांबून म्हणायचे, "मी काय सांगत होतो?" आई स्वयंपाकघरातून मागे वळूनही न बघता एकच शब्द टाकायची, "घाट", नाहीतर "पंक्चर", की गाडी पुन्हा रस्त्याला लागायची. आई गेल्यापासून ते थांबले की थांबलेलेच राहत. हल्ली तर सुरुवातही करत नसत. डॉक्टरांनी तपासून स्मरणशक्ती ठीक असल्याचं सांगितलं होतं. तरी ताई रोज फोनवर विचारायची, "बाबा बोलले का रे काही?" आणि हा म्हणायचा, "जेवले."

हे असंच चाललं तर बाबा एक दिवस पार गप्प होतील, याची त्याला भीती वाटत होती. ती त्याने कोणाला बोलून दाखवली नव्हती.

तो दारात बूट काढत होता. बाबा त्या बुटांकडे बघत म्हणाले, "नोकरीच्या मुलाखतीला मी मित्राचे बूट घालून गेलो होतो. दोन बोटं मोठे."

बायको भाजी चिरता चिरता थांबली.

"ऑफिस वरच्या मजल्यावर. मी जिना चढतोय आणि पाय आत पोहतायत. तरी चांभाराने कापूस भरून दिला होता. चांभार म्हणजे वल्ली. त्याची एक बकरी होती, गिऱ्हाईक आलं की आधी ती उठून उभी राहायची. एकदा तिने पोस्टमनची टोपी पळवली, आणि तो पोस्टमन..."

बाबा थांबले. "मी काय सांगत होतो?" त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दारात सून उभी होती. तिला काही ही गोष्ट ठाऊक नव्हती.

"जिना," तो म्हणाला. "तुम्ही जिना चढत होतात, बाबा. मित्राचे बूट घालून."

बाबांनी त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"हं. जिना. तर निम्म्यावर गेलो आणि डावा बूट निसटला. धडधडत खाली. मी तसाच एका पायावर उभा. खाली बाकावर एक मुलगी बसलेली. तिने तो उचलला आणि वर घेऊन आली."

इथे ते पुन्हा थांबले. हे थांबणं वेगळं होतं, आणि ते त्याला लहानपणापासून माहीत होतं. गोष्ट इथवर आली की आई आतून भांडं आपटायची आणि म्हणायची, "पुरे आता." बाबा हसायचे, गोष्ट तिथेच संपायची. पुढचं त्याने कधी ऐकलं नव्हतं, आणि विचारलंही नव्हतं.

बाबा वाट बघत होते. नळ ठिबकत होता, तो बायकोने बंद केला.

आतून कोणी काही म्हणालं नाही. बाबांनी टेबलावरून उगीचच हात फिरवला.

"तिने विचारलं, तुमचा आहे का हा? मी म्हणालो, नाही."

"का?"

"माझा नव्हताच ना तो." बाबा म्हणाले. "मग ती खाली बसली आणि तिने तो माझ्या पायात घातला."