महालातली सरदारीण

सिस्टर रक्ताची पिशवी घेऊन आल्या, तशी बायडाबाईंनी दोन्ही हात पांघरुणात ओढून घेतले.

“आजी, हात द्या.”

“नाय द्यायची.”

“उद्या ऑपरेशन आहे. रक्त इतकं कमी असताना डॉक्टर हात लावणार नाहीत.”

“नका लावू.”

सिस्टरांनी छायाकडे पाहिलं. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडताना सासूबाई घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून छायाच त्यांच्या उशाशी होती. सकाळी ती रक्तपेढीत रक्तही देऊन आली होती. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा अजून चिकटलेला होता.

“आई, मी रक्त देऊन आलेय. ते वाया घालवायचं का?”

“म्हणून तर नको. तुझं तर मुळीच नको.”

छाया परजातीतली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं बायडाबाईंनी तिला देवघरातल्या तांब्याला शिवू दिलं नव्हतं. पुढे केव्हातरी ते आपोआप सुटलं, कोणी काही बोललं नाही. पण तांब्या वेगळा आणि अंगात उतरणारं रक्त वेगळं. तिने पदर कोपरावर ओढला, सिस्टरांना थोड्या वेळाने यायला सांगितलं आणि खिडकीतल्या बाटल्या उगाच नीट लावायला घेतल्या.

“तोंड का पाडलंस?”

“काही नाही.”

“अगं, कालच्या त्या पिक्चरमुळं म्हणते मी.”

काल दुपारी वेळ जाईना म्हणून छायाने फोनवर एक पिक्चर लावला होता. पोस्टरवर मोत्यांच्या माळा घातलेली गोरी बाई, मागे दगडी महाल. तिला वाटलं, इतिहासातली राणी असेल, आईंना आवडेल. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं सासूबाईंच्या. अर्ध्या तासाने कळलं, की ती युरोपातली सरदारीण शेकडो वर्षं मेलेलीच नाही. दासींच्या मनगटाला तोंड लावून रक्त पिते आणि तरुण राहते. छाया बंद करायला गेली, तर बायडाबाईंनी तिचा हात धरला.

“थांब गं. एवढ्या दागिन्यांची बाई, पुढं करती काय बघू तरी.”

सरदारीण आरशात दिसत नाही म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं होतं. “मग एवढे मोती घालून बघती कुठं बिचारी?”

छाया बाटल्या सोडून कॉटपाशी आली.

“आई, पिक्चर खोटा असतो.”

“मला शिकवू नको. खोटा असतो ते ठावं हाय.” बायडाबाई भिंतीकडे तोंड करून बोलू लागल्या. “ती बारकी दासी नव्हती का? बाकीच्या पोरी पळत होत्या, किंचाळत होत्या. ही मात्र मागायच्या आधीच हात पुढं करायची. ती काय माझ्या डोळ्यापुढनं जाईना.”

“मग?”

“मग काय? तू बी तशीच. मी मागत गेले, तू देत गेलीस. आता रक्तबी घेऊ? लाज नाय का मला?”

छायाने पांघरुणाचं टोक उगाच सारखं केलं. मग म्हणाली, “माझं रक्त तुम्हाला मिळणारच नाही, आई.”

“आँ?”

“माझा गट वेगळा आहे. माझं तिथं जमा झालं, ते दुसऱ्या कोणाला तरी जाईल. त्याच्या बदल्यात तुमच्या गटाची पिशवी दिली त्यांनी. ती कोणाची, ते आपल्याला कधी कळायचं नाही.”

“म्हंजे तुझं नाय?”

“थेंबसुद्धा नाही.”

खरं तर आता त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायचा. पण बायडाबाई नुसत्या छताकडे बघत राहिल्या. मग पांघरुणातून एक हात हळूच बाहेर आला.

“बोलव त्या सिस्टरला,” त्या म्हणाल्या.

पिशवी निम्मी उतरली होती, तेव्हा शेजारच्या मळ्यातल्या सिंधुबाई डबा घेऊन आल्या. नळीकडे बघून त्यांनी डोळे मोठे केले.

“अगं बया! रक्त चढवलंय? विचारलंस तरी का कुणाचं ते? कुठल्या कुणाचं असतंय!”

“कुठल्या कुणाचं कशाला असंल?” बायडाबाई म्हणाल्या. “घरचं हाय. माझ्या सुनेचं.”

छाया डबा उघडायला वळली. झाकण काही घट्ट नव्हतं, पण तिला ते बराच वेळ उघडेना.